हो म्हणायच्या तऱ्हा

माझी नात बदलापूरहून लोकलने उल्हासनगरला कॉलेजात जाते. बारावीला आहे. गेल्या आश्विनातली गोष्ट. दुपारी पाऊस उघडला होता, मी ओटीवर विळ्यांना धार लावत बसलो होतो आणि ती खांबाला टेकून इंग्रजी पाठ करत होती. मोठ्याने म्हटल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही. माझंही तसंच होतं.

"ॲक्सीड, कन्सीड, सीड, एक्सीड..."

मी म्हटलं, "काय गं, कर्जतच्या भात संशोधन केंद्राची यादी पाठ करतेस की काय? सगळं सीड सीडच चाललंय."

ती हसली. "आबा, हे बियाण्याचं सीड नाय. हे सगळे हो म्हणायचे शब्द आहेत. गाळलेल्या जागा भरायच्या. प्रत्येक जागी एकच शब्द बसतो, आणि माझे सगळे चुकतात."

मी विळा बाजूला ठेवला. म्हटलं, "हो म्हणायला एवढे शब्द कशाला लागतात? आपल्याकडे मान हलवली की झालं."

"तेच तर," ती म्हणाली. "मान कशी हलवली त्यावर शब्द ठरतो."

मी दहावी पास. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या तुकडीतला. त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. आमच्या घरातला शिकलेला पहिला माणूस मीच. पण त्या दुपारी नातीने एकेक शब्द उलगडून सांगितला, तेव्हा मला कळलं की आपण नुसती अक्षरं शिकलो होतो. आणि त्या न शिकण्याची किंमत घरादाराने भरली. ती गोष्ट पुढे येईलच. आधी शब्द.

ॲक्सीड म्हणजे समोरच्याची मागणी मान्य करणं. कोणीतरी मागतं, मागे लागतं, आणि ज्याच्या हातात आहे तो शेवटी 'बरं' म्हणतो. संपकऱ्यांच्या मागण्या मालकाने मान्य केल्या, तो ॲक्सीड. करारात किंवा संघात सामील होणं, हाही त्याचाच अर्थ. १९४७ साली संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या, तिथे इंग्रजीत हाच शब्द. आपल्या ठाणे जिल्ह्यात तेव्हा जव्हारचं संस्थान होतं. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. आता जव्हार पालघर जिल्ह्यात गेलं, ते २०१४ पासून.

एक्सीड दिसायला आणि ऐकायला त्याचा जुळा भाऊ, पण त्याचा हो म्हणण्याशी काही संबंध नाही. तो मर्यादा ओलांडतो. परीक्षेत पोरं इथेच घसरतात.

सीड, आपलं बियाण्याचं नव्हे, म्हणजे मुलूख किंवा हक्क सोडून देणं. हे तहातलं क्रियापद. इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून १७७४ साली घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. पुढे १८१७ च्या पुण्याच्या तहात पेशव्याने उत्तर कोकण सोडलं. म्हणजे आम्ही ज्या मातीत भात लावतो ती माती दूर कुठेतरी कागदावर 'सोडली' गेली. नांगरणाऱ्याला त्या वर्षी त्याचा पत्ताही नसेल.

कन्सेन्ट म्हणजे संमती. आपल्या अंगाला, घराला, जमिनीला लागणारी गोष्ट कुणी करू मागतो आणि आपण समजून उमजून परवानगी देतो. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात सही घेतात ती. ॲसेंटलाही मराठीत कोणी संमती लिहितो, कोणी मंजुरी. पण तो ठरावाला, मताला दिलेला होकार. संसदेत कायदा पास होतो आणि राष्ट्रपती सही करतात, तो ॲसेंट.

कम्प्लाय म्हणजे हुकमाबरहुकूम वागणं. पटो न पटो. बँकेत केवायसीला सतरा कागद नेऊन देतो तसं.

ॲक्विएस हा शब्द मला सगळ्यात कठीण गेला. नात म्हणाली, "पटलेलं नसतं, पण माणूस विरोध करत नाही. गप्प बसतो."

मी म्हटलं, "हे तर तुझ्या पणजीचं नाव आहे."

आणि यील्ड. हा शब्द मला माहीत होता. शेतकी अधिकारी मेळाव्यात यायचे तेव्हा यील्ड यील्ड म्हणायचे. एकरी उतारा. नात म्हणाली, "यील्डचा दुसरा अर्थ नमणं. दाबापुढे झुकणं." मी थोडा वेळ गप्पच राहिलो. समोर खाचरात भात लोंब्यांवर आलं होतं. दाणा भरला की लोंबी वाकते, ते एक वाकणं. परतीचा पाऊस झोडपतो आणि उभं पीक आडवं होऊन चिखलात लोळतं, ते दुसरं. इंग्रजाने दोघांना एकच शब्द ठेवला. लांबून दोन्ही शेतं सारखीच वाकलेली दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, कुठल्यातून तांदूळ मिळणार आणि कुठल्यातून कोंबलेले दाणे.

शेवटी तिने तिच्या मॅडमनी सांगितलेली एक गंमत सांगितली. ही सगळी सीडवाली क्रियापदं एका जुन्या लॅटिन शब्दावरून आली. त्याचा मूळ अर्थ जाणं, मागे सरणं. ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण आम्ही जमिनीबद्दल बोलताना नेमकं तेच क्रियापद वापरतो. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत कुठल्याही गावात विचारा. कारखान्यात, धरणात, रस्त्यात, लाइनीखाली. कोणी म्हणत नाही, आम्ही जमीन दिली. सगळे म्हणतात, जमीन गेली.

दिली, द्यावी लागली, गेली. तीन शब्दांत सगळं आलं. दिली म्हटलं तर देणारा मी. द्यावी लागली म्हटलं तर देणारा मीच, पण मानेवर कोणाचा तरी हात. आणि गेली म्हटलं तर त्यात मी कुठेच नाही. जणू जमिनीला पाय फुटले आणि ती उठून चालू लागली. इंग्रजीला त्यासाठी वेगवेगळे शब्द लागतात. आपली मराठी ते क्रियापदाच्या शेपटीत सांगते. पण सरकारी कागदाला ती शेपटी दिसत नाही. त्याला फक्त सही दिसते.

आमच्या शेजारी एक अख्खं शहर याच क्रियापदांवर वसलंय. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. आम्ही आजही त्याला कॅम्पच म्हणतो. एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. लहानपणी मी बाबांबरोबर जांभळांच्या पाट्या घेऊन तिथे जायचो. एक म्हातारे सिंधी दुकानदार नेहमी घ्यायचे. भाव करताना बाबांना घायकुतीला आणायचे, पण मला लिमलेटची गोळी द्यायचे. एकदा बाबांनी विचारलं, "शेठ, तिकडे तुमची जमीन होती म्हणता, ती सोडून आलात?" म्हातारा म्हणाला, "छोडी नहीं, छूट गयी." बाबा परत येताना गाडीत तेवढंच घोकत होते. सोडली नाही, सुटली.

दुसरीकडे नेवाळी आहे. मलंगगडाच्या वाटेवर. तिथली जमीनही महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. शेतकऱ्यांचं म्हणणं, युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत मिळायला हवी होती. ते ती कसत राहिले. पुढे नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ ला आंदोलन पेटलं. गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, गावकरीही झाले. मी त्या दिवशी घरीच होतो, धुराच्या बातम्या टीव्हीवर बघत. मारामारी कोणाला हवी असते? पण युद्धाच्या काळात आजोबाने कुठल्या अर्थाने मान हलवली, हलवली की नाही, हे नातू आज कोणाला विचारणार?

आता माझी गोष्ट.

१९७९ साली आमची नदीकडची अडीच एकर एका सरकारी कामात गेली. चांगली खाचरं होती. पावसाळ्यात भात आणि थंडीत ओलाव्यावर वाल. तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा चालत होता. त्यात संमती असा प्रकारच नव्हता. नोटीस यायची, हरकत ऐकायचे, मग साहेब निवाडा द्यायचे आणि ताबा घ्यायचे. म्हणजे जमीन जाणार की नाही हे आपल्या हातात नव्हतं. आपल्या हातात एकच गोष्ट होती. निवाड्याचे पैसे कसे घ्यायचे.

पैसे दोन तऱ्हांनी घेता यायचे. एक, रक्कम मान्य करून. दोन, हरकत नोंदवून, हक्क राखून. त्याला गावात सगळे आता अंडर प्रोटेस्ट म्हणतात, अडाणी बायासुद्धा. तसं लिहून पैसे उचलले तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाण्याचा रस्ता उघडा राहायचा. न लिहिता उचलले, तर तुम्ही रक्कम मान्य केली असं धरायचे आणि तो रस्ता बंद व्हायचा. अख्ख्या कायद्यात शेतकऱ्याला तेवढे दोन शब्द होते.

पैसे वाटायच्या दिवशी बाबा, मी आणि बाबांचे चुलतभाऊ, माझे काका, तिघे गेलो. काकांची जमीन आमच्या बांधाला बांध लागून. काकांना अक्षरओळख नव्हती. बाबा सही करायचे, पण वाचता येत नव्हतं. वाचणारा मी. वीस वर्षांचा, पायात नवीन चपला, खिशाला पेन.

सायक्लोस्टाइल केलेला इंग्रजी फॉर्म होता. बाबांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, "वाच."

मी वाचला. म्हणजे डोळे फिरवले. ओळी लांब होत्या. अर्धे शब्द माझ्या ओळखीचे नव्हते. मागे रांग होती, टेबलामागचा माणूस घाई करत होता. आणि खरं सांगतो, रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, हा शिकलेला पोरगा काय सांगतो म्हणून. मला कळत नाही, हे म्हणायला जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "पैसे मिळाल्याची पावती आहे बाबा. करा सही."

बाबांनी सही केली.

काका पुढे झाले. त्यांनी बंडीच्या खिशातून विडीच्या बंडलाचा कागद काढला. कल्याणच्या एका वकिलाच्या कारकुनाकडून त्यांनी त्यावर दोन इंग्रजी शब्द लिहून आणले होते. टेबलामागच्या माणसाला म्हणाले, "साहेब, एवढं लिवा आणि मग माझा अंगठा घ्या." त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं. काकांनी खाली अंगठा उठवला.

मी तेव्हा मनात हसलो होतो. हेही लिहून ठेवतो.

चार वर्षांनी कोर्टाने काकांची रक्कम वाढवली. त्यावर व्याजही मिळालं. त्या पैशात त्यांनी वांगणीकडे जमीन घेतली. आमचे पैसे तोपर्यंत बहिणीच्या लग्नात आणि घराच्या कौलांत संपले होते. १९८४ साली कायद्यात सुधारणा झाली. ज्याने अर्ज केला नव्हता त्यालाही शेजाऱ्याच्या कोर्टाच्या निकालावरून वाढीव मोबदला मागायची सोय झाली. पण काकांचा निकाल त्याआधीच लागून गेला होता. आमच्या वाटेला तीही खिडकी आली नाही.

बाबा १९९४ साली गेले. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. आईलाही त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं. सात-बाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. रात्री बाबांनी सांगितलं, सही करून आलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही केलं ते बरंच असेल." आणि पुढची भाकरी घेतली. मौनं संमती लक्षणम् म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने माझ्या आईचं मौन ऐकलं नव्हतं. पुढे किती वर्षं ती वालाच्या दिवसांत नदीकडे जायचं टाळायची.

बोलला तो माझा धाकटा भाऊ. तो अंबरनाथला कारखान्यात लागला आणि पुढे बदलापूर पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहायला गेला. एका हळदीच्या रात्री चारचौघांत म्हणाला, "दादाच्या इंग्रजीपायी आमची अडीच एकर पाण्यात गेली." मी उसळलो. म्हणालो, सही बाबांनी केली. म्हणालो, गावात निम्म्यांनी तशीच केली. म्हणालो, कायदाच तसा होता. प्रत्येक वाक्य खरं होतं. त्या दिवसापासून भावाने घरचा तांदूळ नेणं बंद केलं. येणंजाणं होतं, लग्नकार्यात उभा राहायचा, पण तांदूळ दुकानातून घ्यायचा. आमच्याकडे भावाने घरचा तांदूळ नाकारणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

यादीतला एक शब्द मी मघाशी मुद्दाम मागे ठेवला. कन्सीड.

नात म्हणाली, "आबा, हा सगळ्यात सोपा. हरल्यावर हार कबूल करतात ना, तो. किंवा वादात समोरच्याचा मुद्दा खरा आहे, हे आपल्या मनाविरुद्ध मान्य करणं. ॲक्सीडमध्ये आपण मागणी मान्य करतो. कन्सीडमध्ये खरं काय ते मान्य करतो."

"आणि त्यात काय जातं आपलं?"

"काही नाय जात. उलट तेच कठीण असतं, असं मॅडम म्हणाल्या."

ती पुढच्या धड्याकडे वळली. मी विळा घेतला, पण धार लागेना.

एवढ्यात जमिनीचे कागद पुन्हा गावात फिरायला लागलेत. बडोद्याकडून जेएनपीटीकडे जाणारा मोठा रस्ता बदलापूरच्या बाजूने माथेरानच्या डोंगराखालून चाललाय. आजूबाजूच्या गावांत मोबदल्याशिवाय दुसरी चर्चा नाही. कायदाही बदललाय. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीच्या कामाला ७० टक्के. सरकारचं स्वतःचं काम असेल तर ती अट नाही. तरुण पोरं माझ्याकडे कागद घेऊन येतात, आबा बघा म्हणून. पूर्वी मी चष्मा लावून बघायचो आणि काहीतरी सांगायचो. आता सांगतो, "बाबांनो, मला यातलं निम्मं कळत नाही. सही आज करू नका. वकिलाला दाखवा. आणि त्याला एवढंच विचारा, यात आपण पैसे मिळाले असं म्हणतोय, की एवढे पुरेत असं म्हणतोय?" १९७९ साली हे वाक्य मला सुचलं असतं तर.

दिवाळीनंतर भात झोडून झालं, गिरणीवर भरडून आणलं. मी एक दिवस लोकलच्या गर्दीची वेळ टाळून भावाकडे गेलो. तो आता रिटायर आहे. गॅलरीत बसला होता. वहिनीबाईंनी चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग मी म्हणालो, "तो फॉर्म मी वाचला नव्हता. वाचल्यासारखं केलं. मला कळत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली. बाबांनी माझ्या सांगण्यावरून सही केली. तू म्हणत होतास ते खरं होतं."

तो बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, दादा. मला एवढंच पाहिजे होतं की तू म्हणावंस."

चहा निवला होता. वहिनीबाई दुसरा करते म्हणाल्या.

निघताना तो खाली रिक्षापर्यंत आला. म्हणाला, "यंदाचं कोलम कसं उतरलंय?"

"बरं आहे. एका कोपऱ्यातलं आडवं झालं, बाकी चांगलं."

"मग एक कट्टा पाठव," तो म्हणाला. "नवा नको. जुना असेल तर."

जुना होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाला मोटारसायकलवरून पाठवला.